दिवेआगरला तेल लागलं तेव्हा

माझं संशोधन नेमकं कशावर आहे, हे बाबांनी पहिल्यांदा चारचौघांत सांगितलं ते मला बघायला आलेल्या मंडळींना. "ती वाळूतलं डांबर काढते," बाबा म्हणाले. मुलाच्या काकांनी पोह्यांची बशी खाली ठेवली आणि आदबीनं विचारलं, "रस्त्याचं कंत्राट आहे का?"

बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होते. निवृत्त होऊन म्हसळ्यात स्थायिक झाले तरी अर्धवट उत्तर देऊन गप्प बसणं त्यांना जमत नसे. "कंत्राट नव्हे," ते म्हणाले. "जंतूंकडून काढून घेते."

ती मंडळी चहाला थांबली नाहीत.

बाबांचं काही चुकलं नव्हतं. जगात काही ठिकाणी जमिनीत वाळू आणि डांबर एकमेकांत घट्ट कालवल्यासारखं पसरलेलं आहे. ते डांबर म्हणजे जाडजूड, आळशी खनिज तेलच. वाळू खणून काढायची, ढीगभर गरम पाण्यात घुसळायची आणि वर येणारं डांबर काढून घ्यायचं, अशी तिथली रीत. त्यात पाणी नासतं आणि पाणी तापवायला पुन्हा इंधन जळतं. पण काही जंतू असे असतात की वाढता वाढता अंगातून साबणासारखं काहीतरी सोडतात. त्यानं वाळूच्या कणाला चिकटलेलं डांबर सैल होतं आणि कोमट पाण्यातही सुटून वर येतं. असे जंतू शोधायचे, त्यांना वाढवायचं आणि त्यांच्याकडून हे काम करून घ्यायचं, हा माझा पीएच.डी.चा विषय. जवळच्या एका कॉलेजात शिकवत मी तो करत होते. मार्गदर्शक सर मुंबईला.

सरांनी परदेशातल्या एका ओळखीच्या प्राध्यापकाकडून तसल्या खऱ्या वाळूचा एक डबा मागवला. डबा बंदरावर अडकला. तो सोडवायला सरांनी मला पाठवलं. तिथल्या साहेबांनी विचारलं, "डब्यात काय आहे?"

"वाळू."

"तुम्ही राहता कुठे?"

"म्हसळा."

"म्हणजे समुद्राजवळ. आणि वाळू परदेशातून मागवता?"

मी म्हटलं, साधी वाळू नाही, तिच्यात डांबर आहे. तर ते म्हणाले, मग हे पेट्रोलियम झालं, परवाना कुठाय? मी म्हटलं, फार थोडं आहे, जंतूंच्या अभ्यासासाठी हवंय. जंतू म्हटल्यावर त्यांनी डब्यापासून खुर्ची मागे घेतली आणि दुसऱ्या खात्याच्या साहेबांना बोलावलं. ते साहेब म्हणाले, मातीतून रोग येतात. पहिले म्हणाले, ही माती नाही, इंधन आहे. दोघांत बराच वेळ चाललं. शेवटी दोघांचं एकाच गोष्टीवर एकमत झालं, की डबा परत पाठवावा. तो गेला.

सरांना फोन केला तर ते हसतच सुटले. "तुमच्या किनाऱ्यावर पावसाळ्यात डांबराचे गोळे येतात ना? तेच घे की. घरपोच येतंय."

येतात खरे. वारा फिरला की समुद्रातून काळे, मऊ गोळे येतात, काही सुपारीएवढे, काही नारळाएवढे. खोल समुद्रात कुठलं तरी जहाज तेल सांडतं, ते लाटांवर मळून मळून आमच्या किनाऱ्यावर लागतं. वाळूत लोळून आलेलं ते डांबर म्हणजे मला हव्या त्या वाळूची गरीब चुलत बहीणच. आणि जिथं वर्षानुवर्षं डांबर येऊन पडतं, तिथं ते पचवायला शिकलेले जंतूही असणार. हरिहरेश्वरच्या खडकांवर डांबराचे जुने काळे पापुद्रे बसलेले आहेत. ते खरवडून मी बाटल्यांत भरले आणि कॉलेजच्या प्रयोगशाळेत जंतू वाढवायला घेतले. बऱ्याच जातींमधून एक चांगली निघाली. बाटली हलवली की तिला फेस यायचा.

बाटलीत जमलं, पण सरांना पिंपात करून हवं होतं. कॉलेजात पिंप ठेवायला प्राचार्य तयार होईनात. त्यांचं म्हणणं, वास मारतो. खरंच मारायचा. मग बाबांनी दिवेआगरच्या एका काकूंचं नाव काढलं. बाबा काही वर्षं दिवेआगरच्या शाळेत होते तेव्हा काकूंचा मुलगा त्यांचा विद्यार्थी होता, आता परदेशात. काकू एकट्या नारळी-पोफळीची वाडी आणि पाहुण्यांच्या खोल्या सांभाळायच्या. वादळात त्यांची निम्मी सुपारी आडवी झाली होती. त्यानंतर पर्यटकांसाठी म्हणून त्यांनी मागच्या अंगणात एक मोठी न्हाणी बांधली, पण ती खोल्यांपासून लांब पडली, तिकडे कुणी जाईना.

आम्ही दोघं विचारायला गेलो. काकू बाबांना नुसतं मास्तर म्हणूनच ओळखायच्या, त्यांनी माझं आडनाव विचारलं. मी सांगितलं. त्या क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, "बरं. आणि ते जंतू? ते शाकाहारी ना?"

"काकवी खातात," मी म्हटलं.

"मग हरकत नाही."

घरी आल्यावर बाबा म्हणाले, "तुझं आडनाव विचारलं, जंतूंचं नाही विचारलं."

मी म्हटलं, "जंतूंनाही असतं बाबा. दोन नावं असतात, त्यातलं पहिलं कुळाचं."

"त्यांच्यातसुद्धा?" बाबा म्हणाले आणि खूप वेळानं हसले.

न्हाणीत मी निळी पिंपं मांडली. माशांच्या टाकीत हवा सोडायला असतात तसले पंप आणून लावले. डांबराची वाळू गोळा करायला भरडखोलच्या बाजूला जायचे. तिथं एक कोळीण मावशी मासळी वाळत घालायची. पहिल्या दिवशी मला किनाऱ्यावर वाकून वाकून डांबर वेचताना बघून ती जागेवरूनच ओरडली, "काय गो, शिंपल्या सोरून डांबर काय गोला करतंस? येडी हायस का?"

मी जवळ जाऊन सगळं सांगितलं. तिनं नीट ऐकून घेतलं. मग म्हणाली, "म्हंजे तुजं किडं डांबर खातान?"

"खात नाहीत मावशी. सोडवतात."

"सोरवून ठेवतान कुठं?"

सोडवलेल्या डांबराचं पुढं काय करायचं हे माझ्या प्रबंधात कुठंच नव्हतं.

काकूंनी जंतूंना पाहुणे म्हणायला सुरुवात केली. "तुझ्या पाहुण्यांनी जेवण केलं का?" असं रोज विचारायच्या. काकवी संपली की स्वतःच गूळ विरघळवून ठेवायच्या. चहा मला बाहेर, न्हाणीच्या पायरीवर आणून द्यायच्या. मी तिथंच बसून प्यायचे. दसऱ्याला मी गेले तर पिंपांना झेंडूच्या माळा आणि हळदकुंकू. आणि नेमके त्याच दिवशी बाबा माझ्याबरोबर आलेले.

बाबांनी आयुष्यभर मुलांना शिकवलं होतं, पुराव्याशिवाय कशावर विश्वास ठेवायचा नाही, आणि स्वतः ते पाळलं होतं. ते माळेकडे बघत उभे राहिले. "वहिनी, हे जंतू आहेत. विज्ञान आहे हे."

"हत्यारांची पूजा करतात दसऱ्याला," काकू म्हणाल्या. "तिची हत्यारं हीच ना?"

"हत्यार निर्जीव असतं."

"मग सजीव आहेत म्हणून तर फुलं घातली. मेलेल्या लोखंडाला घालतात लोक."

बाबांना ह्याचं उत्तर परतीच्या एस.टी.त बसल्यावर सुचलं, पण तोवर दिवेआगर मागे पडलं होतं. नंतर मात्र ते वरचेवर दिवेआगरला येऊ लागले. मला वाटायचं उत्तर द्यायला येतात. ते येऊन पिंपाला कान लावून बुडबुड्यांचा आवाज ऐकत बसायचे.

दिवाळीच्या सुट्टीत काकूंच्या खोल्या भरल्या. मीही तिथंच एका कोपऱ्यातल्या खोलीत मुक्काम ठोकला होता. पिंपाच्या तळाला डांबराची वाळू घालून मोठा प्रयोग सुरू केला होता. संध्याकाळी काकवी जास्त घातली आणि हवाही वाढवली. सकाळी उजाडल्यावर काकूंच्या हाकेनंच जाग आली. "अगं ऊठ! तुझं उतू गेलंय!"

धावत गेले. न्हाणीच्या दारात पुण्याचे एक गृहस्थ टॉवेल गुंडाळून कमरेपर्यंत फेसात उभे होते. गरम पाणी शोधत ते भलत्याच दाराशी आले होते, दार उघडलं आणि फेस त्यांच्या अंगावर आला होता. पांढरा, तपकिरी, मधूनच काळपट फेस न्हाणीतून बाहेर पडून अंगणभर पसरला होता. "मला काही होणार नाही ना?" ते एकसारखं विचारत होते. त्यांची मुलं फेसात उड्या मारत होती आणि बायको फोनवर फोटो काढत होती.

मी त्या माणसाला काही होणार नाही असं सांगितलं, पण माझं लक्ष दुसरीकडेच होतं. एवढा फेस म्हणजे जंतूंनी हवं ते द्रव्य भरपूर सोडलं होतं. "काकू, ताट द्या! पाणी भरून. आणि खोबरेल!"

"आत्ता? न्हायचंय तुला?"

"द्या हो!"

त्यांनी दिलं. ताटातल्या पाण्यावर मी खोबरेल तेलाची पातळ साय पसरवली आणि मधोमध त्या फेसाचा एक थेंब सोडला. तेल घाबरल्यासारखं चारी बाजूंनी ताटाच्या कडेला पळालं. मध्ये स्वच्छ पाण्याचं भलंमोठं वर्तुळ. आम्हा जंतूवाल्यांना ह्याहून सुंदर दृश्य नाही. मी ओरडले आणि जवळ होत्या त्या काकूंना मिठी मारली. फेसानं भरलेल्या हातांनी. त्या आधी ताठ झाल्या, मग त्यांनीही माझ्या पाठीवर हात ठेवला. "बरं झालं हो," त्या म्हणाल्या, "काय झालं ते कळलं नाही, पण बरं झालं."

त्या दिवशी चहा मला पहिल्यांदा स्वयंपाकघरात, त्यांच्या शेजारी पाटावर बसून मिळाला. टॉवेलवाले गृहस्थही नंतर खूष होते. त्यांची टाच म्हणे मऊ झाली होती.

घोटाळा झाला तो दुसऱ्याच बाजूला. फेस अंगणातून वाडीच्या पाटात उतरला होता आणि पाटाचं पाणी शेजारच्या वाडीत जातं. फेसाबरोबर सुटलेलं डांबरही गेलं. शेजारी माडांना पाणी लावायला आले तर पाटात काळा तवंग, त्यावर उन्हात इंद्रधनुष्य. त्यांनी त्याचा व्हिडिओ काढला आणि खाली लिहिलं, "आमच्या वाडीत तेल."

दुपारपर्यंत तो श्रीवर्धनला पोचला आणि संध्याकाळपर्यंत मुंबईच्या चाकरमान्यांकडे. तिथून तो काकूंच्या मुलाकडे परदेशात गेला आणि त्यानं काकूंना फोन करून विचारलं, "आई, आपल्याकडे तेल लागलं आणि तू मला सांगितलं नाहीस?"

दिवेआगरच्या माणसाला जमिनीखाली काही नाही हे पटवणं मुळातच अवघड. ह्याच गावात वाडी खणताना एकदा देव निघालेला आहे, तोही सोन्याचा. जिथं सोनं निघालं, तिथं तेल का निघू नये? मी शेजाऱ्यांना जाऊन सांगितलं, ते माझ्या पिंपातलं डांबर आहे. ते मान हलवून म्हणाले, "तुला कंपनीनं असं बोलायला सांगितलंय का? सांगितलं असेल तर राहू दे, नको अडचणीत येऊस."

पांढऱ्या गाड्या येऊ लागल्या. पनवेलकडचे जमिनीचे दलाल. त्यातला एक तर डोक्यावर पिवळं हेल्मेट घालून यायचा. कशासाठी, ते शेवटपर्यंत कळलं नाही. माडाखाली उभं राहायचं तर नारळासाठी ते शहाणपणाचंच म्हणा. दिवाळीची गर्दी ओसरल्यावरही काकूंच्या खोल्या रिकाम्या होईनात. घावणे खाता खाता एकानं काकूंना हळूच विचारलं, "काकू, इथं कधी वास येतो का हो? तेलाचा?"

काकूंना खोटं बोलता येत नसे. "येतो ना," त्या म्हणाल्या. "मागच्या बाजूला तर फार येतो."

त्यानं घावणा अर्धा टाकला आणि फोन करायला बाहेर धावला.

शेवटी ग्रामसभा बोलावली. शाळेच्या व्हरांड्यात माणसं मावेनात. सरपंचबाई समजूतदार होत्या. त्यांनी मला पुढं बोलावलं आणि म्हणाल्या, "तू शिकलेली आहेस, तूच काय ते सांग सगळ्यांना."

मी सांगितलं. इथल्या जमिनीत तेल नाही. पाटात आलं ते डांबर मी किनाऱ्यावरून आणलं होतं. ते किनाऱ्यावर समुद्रातून येतं.

मागून एकजण उठला. "म्हणजे समुद्रात तेल आहे?"

"समुद्रात नाही. जहाजात असतं. ते सांडतात."

"जहाजात कुठून आलं?"

"दुसऱ्या देशातून. जमिनीतून काढतात."

"आली ना जमीन?" तो गावाकडे वळून म्हणाला आणि बसला. टाळ्या पडल्या.

मग बाबा उठले. ते म्हसळ्याचे, ह्या सभेत त्यांना बोलायचा हक्कही नव्हता, पण व्हरांड्यातल्या निम्म्यांना त्यांनी कधी ना कधी अंगठे धरून उभं केलेलं. "कोणी सांगितलं म्हणून मानू नका," बाबा म्हणाले. "मी सांगतो म्हणूनही मानू नका. प्रयोग बघा आणि मग काय ते ठरवा." आणि माझ्याकडे वळून, "दाखव गं यांना."

प्रयोग करायचा बेत मुळीच नव्हता. पण बाबांनी वर्गात सांगितल्यासारखं सांगितलं, मग काय करणार. काकूंच्या दोन लोणच्याच्या काचेच्या बरण्या आणल्या. दोन्हींत किनाऱ्यावरची डांबर लागलेली वाळू घातली. एकीत साधं कोमट पाणी, दुसरीत कोमट केलेलं जंतूंचं पाणी. दोन्हींत पंपानं हवा सोडली. सगळा गाव बरण्यांभोवती गोळा झाला. साध्या पाण्याच्या बरणीत काहीच होईना. दुसरीत हळूहळू काळे ठिपके सुटू लागले, बुडबुड्यांना धरून वर चढू लागले. वर काळा फेस जमला आणि तळाला राहिली पांढरी, स्वच्छ वाळू. इतका सुरेख प्रयोग माझ्याकडून पुन्हा कधी झाला नाही. पुढं परीक्षकांसमोर केला तेव्हाही नाही.

"बघा!" बाबा हात उंचावून म्हणाले. "आता पटलं?"

पटलं होतं. गावाला एवढंच दिसलं, की बरणीत वाळू घातली आणि वाळूतून तेल निघालं. आणि दिवेआगरला वाळू किती आहे? आख्खा किनारा. म्हणजे तेल वाडीत नव्हतं, तेल किनाऱ्यावर होतं, सगळीकडे, आणि ते काढायची युक्ती मास्तरांच्या मुलीकडे होती. लोकांनी बाबांच्या पायाला हात लावले. बाबा "अहो नाही, अहो नाही" म्हणत राहिले.

त्याच सभेत एकमतानं ठराव झाला, की किनाऱ्यावरची मूठभर वाळूही गावाबाहेर जाऊ द्यायची नाही. इतकी वर्षं कोणी ना कोणी किनाऱ्यावरची वाळू ट्रॅक्टरनं उचलून न्यायचं, बांधकामाला. अर्ज झाले, फलक लागले, काही उपयोग झाला नव्हता. आता गावानं पाळ्या लावून पहारा बसवला. वाळूचोरी बंद झाली, ती आमच्या तेलामुळे.

त्याच आठवड्यात आम्ही दोघं किनाऱ्यावरून चालत होतो. सुरूच्या झाडांकडे बघत, इकडेतिकडे कोणी नाही अशी खात्री करून बाबा म्हणाले, "खरं सांग हं. थोडं तरी असेल का गं?"

"बाबा!"

"नाही, मी आपलं विचारतो. शास्त्रज्ञानं शक्यता नाकारू नये."

"तुम्ही पुरावा मागता ना नेहमी?"

"म्हणून तर तुला विचारतोय," ते म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर इतकी आशा मी माझ्या दहावीच्या निकालालाही पाहिली नव्हती. मला हसू आलं आणि लगेच वाईटही वाटलं. मी त्यांचा हात धरला. "नाही बाबा. अजिबात नाही."

"बरं," ते म्हणाले आणि पुन्हा मास्तर झाले.

तालुक्याच्या कचेरीतून जमीन तपासायला एक अधिकारी आला. तरुण, शांत माणूस. किनाऱ्यालगत, सुरूच्या बनाच्या कडेला त्यानं बरेच खड्डे घ्यायला लावले. पहिल्यात वाळू, मग पाणी. दुसऱ्यात तेच. पुढच्यातही तेच. गाव उन्हात उभं होतं, हेल्मेटवाला दलालही होता, आज पहिल्यांदाच जागेवर शोभत होता. लोक कंटाळून परतायला लागले आणि एवढ्यात एका खड्ड्यात फावडं रुतलं. बाहेर आलं ते काळंभोर, चिकट, चमकणारं.

मी आयुष्यात असा आरडाओरडा ऐकला नाही. कोणी नारळ फोडला. हेल्मेटवाल्यानं हेल्मेट काढून छातीशी धरलं. काकूंनी माझ्याकडे असं पाहिलं, की एवढं शिकूनही काय उपयोग. मीसुद्धा गडबडले. बाबा तर खड्ड्याच्या काठावर गुडघे टेकून बसले होते.

अधिकारी म्हणाला, "जरा रुंद करा." रुंद केलं. डांबराबरोबर काहीतरी फाटकं, पिवळट वर आलं. त्यानं ते काठीनं उचललं, बादलीतल्या पाण्यात खळबळलं. प्लॅस्टिकची गोणी होती. तिच्यावर भाताच्या लोंबीचं चित्र आणि खाली मोठ्या अक्षरांत छापलेलं, युरिया.

मग ग्रामपंचायतीचा जुना शिपाई गर्दीतून पुढं आला, गोणीकडे बघून कपाळाला हात लावला आणि म्हणाला, "अरे देवा! ह्ये तर आपणच पुरलेलं हाय."

वादळाच्या आधी कधीतरी किनारा स्वच्छ करायची मोहीम झाली होती. गोळा केलेलं डांबर कुठं टाकायचं हे कोणाला माहीत नव्हतं, म्हणून युरियाच्या गोण्यांत भरून तिथंच खड्डा करून पुरलं, आणि सगळे विसरले. त्या मोहिमेतले बरेचजण आत्ता खड्ड्याभोवती उभे होते. नारळ फोडणारा तर त्या दिवशी फावडं धरून होता.

दलालांच्या गाड्या दुपारच्या आतच गेल्या. गावानं मात्र पहारा काढला नाही. तो का चालू ठेवला असं विचारलं तर सरपंचबाई म्हणाल्या, "लोकांना आता सवय झालीय. असू दे."

पुढच्या पावसाळ्यात डांबर जरा जास्तच आलं. कोळीण मावशी एके दिवशी डोक्यावर जाळं घेऊन थेट काकूंच्या मागच्या अंगणात आली. जाळ्याला डांबर माखलेलं होतं. रॉकेल आता सहज मिळत नाही आणि डिझेल लावलं तर दोरा खराब होतो, असं तिचं गाऱ्हाणं. "तुजं किडं हायेत ना? लाव त्यांना कामाला. नुसतं गूल खावन बसतान."

जाळं पिंपात सोडलं. मी तिला सांगितलं, वेळ लागेल, खात्री नाही, मी जाळ्यावर कधी प्रयोग केलेला नाही. ती पायरीवर बसून काकूंशी गप्पा मारू लागली. आधी सुकटीवरून, मग सुनांवरून. त्या दोघी एकाच किनाऱ्यावर म्हाताऱ्या झाल्या होत्या आणि एकमेकींशी पहिल्यांदाच इतकं बोलत होत्या. दुसऱ्या दिवशी जाळं बाहेर काढून घासलं, तर डांबर पापुद्र्यासारखं सुटून आलं. सगळं नाही, पण पुष्कळ.

माझा प्रबंध पुढं पूर्ण झाला, पदवीही मिळाली. एका कंपनीचे साहेब एकदा येऊन गेले होते. त्यांनी विचारलं, हे मोठ्या प्रमाणावर करायला खाण कुठं आहे तुमच्याकडे? मी म्हटलं, खाण नाही, समुद्र आहे. ते भरपूर सोलकढी पिऊन गेले आणि परत आले नाहीत. खऱ्या खाणीतली वाळू मी आजतागायत डोळ्यांनी पाहिलेली नाही, आणि तिच्यातून डांबर कसं सोडवावं ह्यावर मात्र मला व्याख्यानांना बोलावतात.

दर वर्षी पाऊस ओसरला की पिंपं टेम्पोत घालून आम्ही भरडखोलच्या धक्क्यावर नेतो. तिथं बायका जाळी घेऊन येतात, कोणी चपला आणतं, एकदा एकीनं डांबर लागलेली कोंबडी आणली होती. तिला आम्ही नाही म्हटलं. होडीच्या वल्ह्यानं पिंप ढवळायचं काम बाबांनी स्वतःकडे घेतलंय. पाठ दुखते, तरी वल्ह्याला हात लावू देत नाहीत. ढवळता ढवळता ते जमलेल्यांना सगळं समजावून सांगतात, फळ्यासमोर उभे असल्यासारखं, आणि मध्येच थांबून प्रश्न विचारतात.

"सांगा बरं, जंतू डांबर खातात का?"

"खातान!" सगळ्या बायका एका आवाजात ओरडतात, मुद्दामच.

बाबा वल्हं थांबवतात, चष्मा वर सरकवतात आणि पहिल्यापासून सुरू करतात.